आगाऊ, तिऱ्हाईत आणि भोंगेकाका

भोंगेकाका माईकवर गेले ते एका गाडीपायी.

लीग तेव्हा नवी होती. मैदानाच्या फाटकात कोणी शहाणा गाडी आडवी लावून गेला होता आणि रोलर आत येईना. लाउडस्पीकर भाड्यानं आणलेला आणि त्यावर बोलायचा मान अध्यक्षांच्या मेव्हण्याचा. मेव्हण्याचा नेमका त्याच दिवशी घसा बसला. बाजारपेठ संघाचा बारावा खेळाडू पायरीवर रिकामा बसलेला दिसला, तेव्हा कोणीतरी त्याला म्हणालं, "जा रे, एवढा गाडीचा नंबर सांगून ये." तो गेला. त्यानं नंबर सांगितला, रंग सांगितला, मागच्या काचेवर किती धूळ बसलीय ते सांगितलं, गाडीवाला कसल्या घाईत असेल याचे दोन-तीन अंदाज सांगितले. तेवढ्यात रोलरची वाट बघून कंटाळलेल्या पंचांनी सामना सुरू केला आणि पहिला चेंडू पडला, म्हणून त्यानं तोही सांगितला. ती गाडी पुढे हलली की नाही हे आज कोणालाच आठवत नाही. बारावा खेळाडू मात्र माईकवरून हलला नाही.

त्यांना ओळखणाऱ्यांना हे पटायला जड गेलं. कारण एरवी हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा. बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं त्यांचं काम. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवायची, तिच्यात एकेक भिंग घालायचं आणि विचारायचं, "हे बरं की हे?" मग भिंग बदलून, "आता?" सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढंच. घरीही निराळं काही नव्हतं. बायकोनं दोन साड्या पुढे धरून विचारलं, तर ते एकीकडे बोट दाखवून "हे" म्हणत. त्यांच्या लग्नाला उपस्थित असलेल्या एका मामांचं आजही म्हणणं आहे की नवरा मुका नाही हे आपल्याला पुढे मैदानावर कळलं.

पण रविवारी माईक हातात आला की तोंडाचा पट्टा सुटायचा तो संध्याकाळी मैदानावरच्या चटया गुंडाळेपर्यंत. आठवडाभर आत साठलेलं सगळं तिथं बाहेर पडायचं.

आता एक अडचण होती. बारावा खेळाडू म्हणून लीगच्याही आधीपासून बरीच वर्षं काढली असली तरी क्षेत्ररक्षणाच्या जागांची इंग्रजी नावं काकांना धड ठाऊक नव्हती. बाराव्याला पाणी न्यावं लागतं, ते कुठल्या जागी न्यायचं हे कोणी नावानं सांगत नाही, नुसता हात करतात. म्हणून काकांनी आपली नावं आपणच पाडली. फलंदाजाच्या पाठीमागे, सीमेवर, कशातच नसल्यासारखा उभा असतो तो तिऱ्हाईत. यष्टिरक्षकाच्या शेजारी वाकून उभ्या असतात त्या पहिली, दुसरी आणि तिसरी घसरगुंडी. त्यांच्या पलीकडे बोळ. फलंदाजाच्या नाकासमोर येऊन जो उभा राहतो, त्याला आगाऊ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? समोर उजवीकडे पांघरूण होतं, आणि त्याच्या जरा पुढे जादा पांघरूण. सरळ बॅटवर पडणाऱ्या चेंडूला ते आयता म्हणत आणि सुटलेल्या झेलाला दान.

लोक हसले. मग लोक तेच बोलायला लागले. मग कप्तानही ओरडायला लागले, "आगाऊ, अजून जवळ!" या लीगमध्ये दोन पिढ्या अशाच शिकल्या. डेपोच्या संघाचा एक तेज गोलंदाज एकदा मोठ्या शहरात निवड चाचणीला गेला होता. तिथल्या प्रशिक्षकानं त्याला थर्ड मॅनला जायला सांगितलं, तर हा गडी जागच्या जागी उभा. शेवटी प्रशिक्षकानं त्याला दंडाला धरून तिथं नेऊन उभं केलं, तेव्हा तो म्हणाला, "असं स्पष्ट तिऱ्हाईत म्हणा ना, सर." त्याची निवड झाली नाही. गोलंदाजीमुळे झाली नाही असं प्रशिक्षक म्हणतात, पण लीगमध्ये ते कोणी मानत नाही.

लीगचा इतिहासही काकांच्याच तोंडी होता. पाणी प्यायला खेळ थांबला की काका इतिहासात शिरायचे. गिरणीचा संघ फलंदाजी करत असेल तर लीग गिरणीतल्या एका फोरमननं स्थापन केलेली असायची. बँकवाले खेळत असले की तोच मान बँकेच्या रोखपालाकडे जायचा. दोन्ही बाजूंचे लोक माना डोलवायचे. खरं काय ते अध्यक्षांना माहीत होतं, पण ते मेव्हण्यामुळे आधीच दुखावलेले होते आणि मूग गिळून बसत.

आणि लीगच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं भांडणही काकांनीच लावलं, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. गिरणी विरुद्ध बँक, सामना ऐन रंगात. काकांच्या हातात गरम चहा, वाफ सगळी चष्म्यावर. बँकेच्या सलामीच्या फलंदाजानं चेंडू टोलवला आणि त्याच क्षणी गिरणीच्या एका क्षेत्ररक्षकाच्या सदऱ्यात गांधीलमाशी शिरली. बिचारा दोन्ही हात वर करून नाचायला लागला. काकांना धुक्यातून आनंदानं उड्या मारणारा माणूस दिसला. "झेल!" काका गरजले, "काय झेल! असा झेल या मैदानानं पाहिला नव्हता!" आणि त्यांनी तो झेल असा काही रंगवला की फलंदाजानं मागे वळूनसुद्धा न बघता बॅट काखेत मारली आणि चालू लागला. पंचांनी एकदा जाणाऱ्या फलंदाजाकडे पाहिलं, एकदा भोंग्याकडे पाहिलं आणि दोघांचं एकमत दिसतंय म्हणून बोट वर केलं. चेंडू केव्हाच सीमेबाहेरच्या कुंपणाला जाऊन टेकला होता. क्षेत्ररक्षकाचा सदरा निघाला आणि खरा प्रकार कळला, तोवर फलंदाज पॅड सोडून हात-पाय धूत होता.

बँक हरली. बँकवाल्यांनी थयथयाट केला, लीग सोडली आणि स्वतःची वेगळी लीग काढली. तिच्यात एकच संघ होता. त्या वर्षी तो अजिंक्य राहिला, पण गंमत येईना, म्हणून पुढच्या वर्षी सगळे मुकाट परत आले. येताना एक अट घातली, ती आजही लीगच्या नियमांत आहे: भोंग्यावरून दिलेला बाद धरला जाणार नाही. तेव्हापासून काकांना सगळे उघडपणे भोंगेकाका म्हणायला लागले. काकांना राग नाही आला. उलट नियमात आपला उल्लेख आहे याचा त्यांना आतून अभिमानच होता.

मैदान त्यांच्या घराच्या मागच्याच गल्लीला. घरात बोलायचं जमत नसल्यामुळे काका घरचंही कधीकधी तिथूनच उरकत. लेकीचं लग्न ठरलं ती बातमी त्यांनी दोन षटकांच्या मध्ये "एक कौटुंबिक निवेदन" म्हणून दिली. मैदानभर टाळ्या झाल्या. घरी गेले तर बायको नेहमीसारखी शेंगा सोलत बसलेली. चेहऱ्यावर काही नाही. काकांना वाटलं, हिनं ऐकलेलं दिसत नाही. कशाला ऐकेल? तिला कुठं क्रिकेटमधलं कळतं. चार दिवसांनी धीर करून ते म्हणाले, "ठरलं." ती म्हणाली, "हो." विषय संपला.

तर अशा माणसाला लीगच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात नारळ मिळाला.

सांगायला नवा कार्यवाह आला. मोबाईलच्या दुकानाचा मालक, उत्साही माणूस, मनानं वाईट नाही. पण असं बोलणं घरी जाऊन करावं एवढी अक्कल त्याला नव्हती. आलोच आहोत तर नंबरही काढून घेऊ म्हणून तो दुकानातल्या खुर्चीत बसला. काकांनी त्याच्या नाकावर फ्रेम चढवली.

"काका, जरा बोलायचं होतं."

"वाचा."

"ग, म, ब... काका, यंदाचा अंतिम सामना आपण मोबाईलवर लाइव्ह दाखवणार आहोत."

"हे बरं की हे?"

"पहिलं. तर काय आहे, बाहेरचे लोक बघणार. त्यांना तुमचं ते जादा पांघरूण वगैरे कसं कळायचं? म्हणून एक निवेदक ठरवलाय. मोठमोठे कार्यक्रम करतो तो. गैरसमज नको. तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची. सत्कारही करू."

काकांनी एक भिंग काढलं, पेटीतून दुसरं निवडून घातलं. "आता?"

"आता तर काहीच दिसत नाही, काका."

"हं," काका म्हणाले. "माझंही तेच म्हणणं आहे."

मग त्यांनी बरोबर नंबर काढून दिला, कारण धंद्यात खोट केलेली त्यांना खपत नसे. पण कार्यवाह गेल्यावर ते त्याच खुर्चीत स्वतः बसून राहिले. माईक गेला म्हणजे रविवार गेला, आणि रविवार गेला की आपण दोन शब्दांचा माणूस उरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. 'हे बरं की हे' आणि 'आता'. एवढ्यावर उरलेलं आयुष्य काढायचं. त्यांना रडू आलं असतं, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी ते घरातच बसले, अंगात घरचा सदरा, पुढ्यात वर्तमानपत्र. मैदानावर बाजारपेठ विरुद्ध गिरणी, गिरणीचा डाव सुरू झाला होता आणि नव्या निवेदकाचा गुळगुळीत आवाज घरभर येत होता. सामन्यापेक्षा जास्त तो प्रायोजकांच्या गाद्यांबद्दल बोलत होता. बायको स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली ती हातात झारा घेऊनच.

"हा कोण मेला बोलतोय?"

"नवा."

"तुम्ही का नाही?"

काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तेवढ्यात मैदानावर टाळ्या झाल्या. कप्तान कोणाला तरी शाबासकी देत ओरडला असावा आणि निवेदकानं तेवढंच उचललं असावं, कारण भोंग्यावरून जोरात आलं, "अप्रतिम क्षेत्ररक्षण! संघाचे भरवशाचे खेळाडू, श्रीयुत तिऱ्हाईत!"

काकांना खुदकन हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं होतं कोण जाणे.

"हसायला काय झालं?" बायको म्हणाली. "बरोबरच तर बोलला. तिऱ्हाईत चांगलाच आहे, नेहमी चेंडू अडवतो. मला तो आगाऊ नाही आवडत. इतकी वर्षं खेळतोय, नातवंडं झाली असतील, पण पोक्तपणा म्हणून नाही. कोणी त्याला दोन शब्द सुनावत का नाही? तेवढा एकदा गुडघ्याला चेंडू लागून पडला होता ना, तेव्हा मात्र मला वाईट वाटलं होतं."

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आगाऊला गुडघ्यावर चेंडू लागला ती गोष्ट लेक शाळेत होती तेव्हाची. त्यांना खूप काही विचारायचं होतं. पण घरात लांब वाक्यं बोलायची सवय नाही. ते उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"दाखवतो."

बायकोनं गॅस बंद केला, साडी बदलली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती मागच्या गल्लीतून नवऱ्याबरोबर मैदानावर गेली. पहिल्या रांगेतली सत्काराची खुर्ची काकांनी टाळली. कुंपणाशेजारच्या पायऱ्यांवर, जिथं एकेकाळी ते बारावे म्हणून बसायचे, तिथं दोघं बसली.

तिनं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढंसंच?"

"हो."

"आणि तुम्ही भोंग्यावर सांगता तो भव्य मंडप?"

काकांनी पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. ती बराच वेळ शेडकडे बघत राहिली. काकांचे कान लाल झाले.

"अहो, यातला आगाऊ कोणता?"

आता आली पंचाईत. काकांनी घसा साफ केला. आधी एक शब्द आला, मग दोन आले, आणि मग गाडी हळूहळू रुळावर आली. आगाऊ हा माणूस नव्हे, ती जागा आहे. जो कप्तानाच्या तावडीत सापडेल तो तिथं जाऊन उभा राहतो. तिनं तोंडाला पदर लावला. मग तिऱ्हाईतही? तिऱ्हाईतही. आणि ती आपली इतकी वर्षं समजत होती की घसरगुंड्यांवर पोरं खेळायला येतात, आणि थंडीच्या दिवसांत प्रेक्षकांसाठी जादा पांघरूण ठेवतात! काका तिला सांगत होते, ती विचारत होती, आणि पुढच्या पायरीवरची माणसं मान मागे वळवून काकांचंच ऐकायला लागली होती.

सामना लांबला. गिरणीला थोड्याच धावा हव्या होत्या आणि बाजारपेठेला एकच बळी. बाजारपेठेच्या कप्तानानं वेळ काढायला म्हणून क्षेत्ररक्षणाची सगळी मांडामांड पुन्हा केली. निवेदकानं घड्याळ पाहिलं. त्याचं संध्याकाळी कोणाच्या तरी लग्नाच्या स्वागत समारंभात निवेदन ठरलेलं होतं आणि तिथले पैसे इथल्यापेक्षा बरे होते. त्यानं प्रेक्षकांना शुभेच्छा दिल्या, वधू-वरांनाही चुकून इथंच दिल्या, आणि निघून गेला.

कार्यवाह धापा टाकत पायऱ्यांपाशी आला. हातात बिनतारी माईक, कपाळावर घाम, नाकावर काकांनीच काढलेल्या नंबरचा नवा चष्मा.

"काका, माझी अब्रू तुमच्या हातात आहे. झालं गेलं विसरा. जग बघतंय."

जग म्हणजे त्या वेळी मोबाईलवर बघणारे सदतीस जण होते, त्यांतले बरेचसे गिरणीच्या गोलंदाजाचे चुलतभाऊ. पण ते असो. काकांनी माईक घेतला. हातात घेताच त्यांचा ताठ झालेला कणा सगळ्यांना दिसला. फटफट दोन टिचक्या मारून त्यांनी तोंड उघडलं, "रसिकहो..." आणि बायकोनं त्यांची बाही ओढली.

"अहो, तो लाल टोपीवाला इतका जवळ का येऊन उभा राहिला? लागेल ना त्याला."

आता काय करायचं? एकीकडे रसिक, एकीकडे ही. काकांनी क्षणभर विचार केला आणि ते बायकोकडे वळले. माईक तोंडासमोर तसाच.

"अगं, तोच आत्ताचा आगाऊ. शेवटचा फलंदाज घाबरट आहे, म्हणून त्याला आणखी घाबरवायला आणलाय. बघ, फलंदाज चेंडूकडे बघतच नाहीये, त्याच्या टोपीकडे बघतोय."

हे मैदानभर ऐकू गेलं. फलंदाजानं दचकून मान सरळ केली. गोलंदाज आला, चेंडू बॅटच्या कडेला लागून तिऱ्हाइताकडे गेला, एक धाव.

"हा बिचारा मगाचचा तिऱ्हाईत," काकांचा आवाज भोंग्यातून आला. "घरी तू त्याचं कौतुक करत होतीस तो. पाय दुखतोय त्याचा, डाव सुरू झाल्यापासून उभा आहे." तिऱ्हाइतानं सीमेवरून हात हलवला. बायकोनंही हलवला.

असं लीगच्या मैदानावर कधी झालं नव्हतं. समालोचन चाललं होतं आणि ते एकाच बाईसाठी चाललं होतं. पण कोणी कुरकुर केली नाही. पत्र्याच्या शेडमधले बँकवाले सामन्याशी काही संबंध नसताना उठून उभे राहिले होते, पुढचं ऐकायला. कार्यवाह बघणाऱ्यांकडून मोबाईलवर येणाऱ्या लाल बदामांकडे डोळे फाडून बघत होता.

आता गिरणीला दोनच धावा हव्या होत्या. गोलंदाज आपल्या खुणेवर गेला. सगळीकडे शांत झालं. आणि त्या शांततेत बायकोनं विचारलं. आपलं बोलणं समोरच्या दांडक्यातून गावभर जातंय हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

"अहो, मग हे सगळं इतकी वर्षं घरी का नाही सांगितलंत?"

भोंगा हे बोलला जसंच्या तसं, अगदी स्वच्छ. पायऱ्यांवर कोणी हसलं नाही. आजवर माईकवर काका कधी अडखळले नव्हते. गांधीलमाशीच्या झेलाच्या वेळीसुद्धा नव्हते.

"मला वाटलं," ते शेवटी म्हणाले, "तू ऐकत नसशील."

"ऐकत नसेन?" ती म्हणाली. "मग ऐन थंडीत दर रविवारी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवून कुडकुडत कशाला बसत होते मी?"

गोलंदाज धावत निम्म्यावर आला होता. तो तिथंच थांबला. त्यानं पंचांकडे पाहिलं. पंचांनी काकांकडे पाहिलं. काका माईक हातात धरून बायकोकडे बघत होते आणि त्यांचा चष्मा पुरता धुकटला होता.

पंचांनी गोलंदाजाला हातानंच खूण केली, जरा थांब म्हणून.